मुक्काम पोस्ट चिखल

दापोलीला आमच्या आईने अर्ध्या आळीला सांगून ठेवलंय की मुलगी इंग्लंडात रिअर कमोडोर आहे. उरलेल्या अर्ध्या आळीला ते या अर्ध्या आळीने सांगितलं, आणि त्या प्रवासात कुठेतरी मी नौदलात भरती झाले. फोनवर मी खुलासा केला. आई, हे नौदल नव्हे, शिडाच्या होड्यांचा क्लब आहे. कमोडोर म्हणजे अध्यक्ष, व्हाइस कमोडोर म्हणजे उपाध्यक्ष, आणि रिअर कमोडोर (हाउस) म्हणजे क्लबची इमारत सांभाळणारी. त्यातही मुख्यतः संडास. आई क्षणभर गप्प झाली, मग म्हणाली, "पण हाताखाली माणसं असतील ना गं?" हाताखाली लाकडी दांड्याचा एक रबरी पंप आहे. तो मात्र हुकमाचा ताबेदार आहे.

हुद्द्यांच्या बाबतीत यॉट क्लब खऱ्या आरमाराला हार जात नाही. कमोडोरचं निशाण शेपटीला दुभंगलेलं असतं. व्हाइस कमोडोरच्या निशाणावर कोपऱ्यात एक गोळा, रिअर कमोडोरच्या निशाणावर दोन. म्हणजे हुद्दा उतरतो तसे गोळे वाढतात. गणिताच्या पेपरात ज्यांनी भोपळे कमावलेत त्यांना ही पद्धत समजावून सांगावी लागत नाही. कान्होजी आंग्रे सरखेल होते तेव्हा त्यांच्या हुकमतीत गलबतं होती, गुराबा होत्या, किल्ले होते. आमच्या कमोडोरच्या हुकमतीत चाव्यांचा एक जुडगा आहे, आणि त्यातल्या निम्म्या चाव्या कशाच्या ते कुणालाच ठाऊक नाही.

यॉट म्हटलं की आपल्याकडे डोळ्यांसमोर पांढरीशुभ्र बोट येते, डेकवर गार पेला येतो आणि पाठोपाठ प्राप्तिकर खातं येतं. तशा थाटाचे क्लब आहेतही. आयर्लंडातल्या कॉर्कचा क्लब आपला उगम १७२० सालापर्यंत नेतो. काउझला १८१५ सालचं रॉयल यॉट स्क्वाड्रन आहे. आपल्या मुंबईत गेटवेच्या शेजारी १८४६ सालचा रॉयल बॉम्बे यॉट क्लब आहे. आमचा क्लब मात्र थेम्स नदी समुद्राला मिळते तिथे, एसेक्सच्या किनाऱ्यावर, एका लांबट शेडमध्ये आहे. होड्या फार तर चौदा-पंधरा फुटी. मालकांच्या स्वेटरला कोपरावर भोक. थर्मासमध्ये चहा, आणि तोही घरून आणलेला, कारण क्लबचा चहा माझ्या खात्यात येतो.

या किनाऱ्याला पाणी आहे, पण ते कायम नसतं. ओहोटी लागली की समुद्र दीड-दोन किलोमीटर मागे सरतो आणि मागे उरतो तो करड्या रंगाचा, गुडघाभर, अत्यंत प्रेमळ चिखल. एकदा धरलेला बूट तो सहसा सोडत नाही. शेजारच्या साउथएंडला समुद्रात शिरलेला दोन किलोमीटरहून लांब धक्का आहे. करमणुकीच्या धक्क्यांत जगात सर्वांत लांब. लोक त्याला हौस समजतात. हौस कसली? ओहोटीच्या वेळी बोटी किनाऱ्याला लागेनात, म्हणून गावच बोटींकडे चालत गेलं.

तर अशा जागी, एकही पगारी माणूस नसताना, हंगामभर शर्यती भरवायच्या, लहान मुलांना शिकवायचं, दोन बचावबोटी चालू ठेवायच्या आणि छप्पर गळू द्यायचं नाही, हे आम्ही करतो. सगळे मानद. खजिनदार मानद, सेक्रेटरी मानद, सेलिंग सेक्रेटरी मानद. बोसन, म्हणजे क्लबच्या होड्या, इंजिनं आणि गवत कापायचं यंत्र यांचा धनी, हाही मानद, आणि तो ऐंशीच्या पुढचा आहे. सगळे त्याला पहिल्या नावाने हाक मारतात. माझी जीभ काही तशी वळत नाही. मी मनातल्या मनात 'बोसनकाका' म्हणते आणि वरून नुसतंच "अहो, ऐकलंत का" या अर्थाचं इंग्रजी हसते.

नोव्हेंबरात होड्या पाण्याबाहेर निघाल्या की पुढच्या वर्षाचं वेळापत्रक ठरवायला समिती बसते. दरवर्षी ही सभा फार मोठ्या विचारांनी सुरू होते. या वेळी व्हाइस कमोडोरने 'पाच वर्षांचा दृष्टिकोन' छापून आणला होता. त्यात सभासदसंख्या दुप्पट होणार होती, तरुण येणार होते आणि बारमध्ये खऱ्या कॉफीचं यंत्र लागणार होतं. त्या कागदाची पाठ कोरी होती. तिच्यावर सेलिंग सेक्रेटरीने लगेच भरतीच्या वेळा मांडायला घेतल्या, आणि दृष्टिकोन त्यानंतर सबंध सभेत उताणा झाला नाही.

कारण आमच्या क्लबाचं वर्ष समिती ठरवत नाही, चंद्र ठरवतो. भरती रोज साधारण पन्नास मिनिटं पुढे सरकते, म्हणजे आठवड्यात जवळजवळ सहा तास. एका शनिवारी भर दुपारी तुडुंब पाणी असेल तर पुढच्या शनिवारी त्याच वेळी तुडुंब चिखल. त्याच्या पुढच्या शनिवारी पुन्हा पाणी. बावन्न शनिवार हातात आहेत असं वाटतं, त्यातले निम्मे चिखलाचे. उरलेल्यांतून हिवाळा वजा. मग शेजारच्या क्लबाच्या मोठ्या शर्यती वजा, कारण त्या दिवशी आमचे खेळाडू तिकडे जातात. ऑगस्टमधला काउझ वीक नावाचा शर्यतींचा आठवडा वजा, कारण आमच्यातले जे तिकडे जात नाहीत तेही गेल्यासारखं दाखवायला घरात बसतात. फुटबॉलच्या कपाची अंतिम लढत आणि शाळांच्या परीक्षा वजा. शेवटी हाती उरतात ते शनिवार एका हाताच्या बोटांवर मोजता येत नाहीत, पण पेरांवर मोजले तर दुसरा हात खिशात ठेवला तरी चालतो.

सेलिंग सेक्रेटरी हे सगळं पोर्ट ऑफ लंडनच्या भरती-ओहोटीच्या पुस्तिकेतून काढतो. बारीक अक्षर, त्यात ब्रिटिश उन्हाळी वेळेचा एक तास कुठे मिळवायचा नि कुठे नाही याचा गोंधळ. मी पर्समधून 'कालनिर्णय' काढलं. तसं ते आमच्या स्वयंपाकघरात टांगलेलं असतं, एकादशी आणि दुधाचा हिशेब यांच्यासाठी. पण कोकणात भरतीचं गणित तिथीवर चालतं हे हर्णै बंदरावर वाढलेल्या पोराटोरांनाही ठाऊक असतं. तिथीची पाऊणपट करा, भरतीचा तास मिळतो. पौर्णिमा-अमावास्येला बाराच्या अलीकडे-पलीकडे, अष्टमीला सहाला. पौर्णिमा-अमावास्येचं ते उधाण, अष्टमीचा तो भांग. थेम्सच्या मुखाशी उन्हाळ्यात त्यावर दोन तास मिळवले की झालं.

सेलिंग सेक्रेटरीने पुस्तिका उघडून मला ताडून पाहिलं. चुकलं तर अर्ध्या तासाने चुकत होतं. तो म्हणाला, "अर्धा तास म्हणजे फार होतो." बोसनकाका म्हणाला, "तू शर्यत कधी वेळेवर सुरू केलीस?" त्यानंतर कालनिर्णय टेबलाच्या मधोमध गेलं. खजिनदारबाईंना मागच्या पानावरची पाककृती जास्त आवडली. ती कशाची आहे ते मी त्यांना सांगितलं, तेव्हा त्यांनी पहिल्यांदा क्लबाच्या खर्चाने काही तळायला परवानगी दिली.

कालनिर्णयामुळे सभेत एक घोटाळाही झाला. २०२६ साली अधिक महिना आहे, अधिक ज्येष्ठ, १७ मेपासून १५ जूनपर्यंत. मी सहज बोलून गेले की पुढच्या वर्षी एक महिना जास्तीचा आहे. सेलिंग सेक्रेटरीचा चेहरा असा उजळला की मला वाईट वाटलं. वाऱ्याअभावी रद्द झालेली अख्खी वसंत मालिका त्याला त्या महिन्यात बसवायची होती. चांद्र वर्ष सौर वर्षापेक्षा सुमारे अकरा दिवसांनी तोकडं पडतं, ते ठिगळ म्हणून हा महिना येतो, त्यात नवे शनिवार नसतात, हे पटवायला मला चहाचा दुसरा घोट थंड करावा लागला. "मग तो महिना असतो कशासाठी?" त्याने विचारलं. जावयाला अनारसे द्यायला, हे खरं उत्तर मी गिळलं. त्याच्या दोन्ही मुली लग्नाच्या आहेत.

प्रसिद्धी उपसमितीने मात्र चंद्राला विचारलंच नाही. नवे सभासद मिळावेत म्हणून दर वसंतात आम्ही 'डिस्कव्हर सेलिंग'चा खुला दिवस भरवतो. या, बसा होडीत, मोफत. त्यांनी तारीख काढली शनिवार, २३ मे. मोठी सुट्टी, गर्दी मिळेल, भोंगा लावू, सॉसेज भाजू. मी पान उलटलं. सप्तमी-अष्टमीचा जोड. म्हणजे भरती सकाळी आठला आणि रात्री आठला, आणि दुपारी दोनला, जेव्हा पत्रकाप्रमाणे 'समुद्राचा थरार' सुरू होणार होता, तेव्हा समुद्र क्षितिजावर एक चकाकती रेघ. उपसमिती म्हणाली की पत्रकं छापायला गेली. तेव्हा ठराव असा झाला की दिवस तोच ठेवावा, पण कार्यक्रमाचं नाव 'किनारपट्टीची ओळख' करावं. सूचक व्हाइस कमोडोर, अनुमोदक कुणीतरी खोकलं ते.

वेळापत्रक झालं की ड्यूट्यांचा तक्ता येतो, आणि सज्जन माणसांचे चेहरे बदलतात. एका शर्यतीला एक ऑफिसर ऑफ द डे लागतो, एक त्याचा साहाय्यक, वेळ टिपणारा एक, दोन बचावबोटींवर चौघं, आणि स्वयंपाकघरात एक. बचावबोट चालवणाऱ्याकडे प्रमाणपत्र हवं. ही आठ माणसं जमवल्यावर शर्यतीत उतरतात नऊ होड्या. वारा थोडा वाढला की सात. म्हणजे होड्यांपेक्षा त्यांची काळजी वाहणारे जास्त. आईला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "आपल्याकडे लग्नात असंच असतं."

ड्यूटी कुणालाच नको असते, पण ऑफिसर ऑफ द डे झालं की माणूस बदलतो. हातात निशाणं येतात. पाच मिनिटं आधी एक निशाण चढवायचं, चार मिनिटांना दुसरं, एक मिनिट उरलं की दुसरं उतरवायचं, शून्याला पहिलं. पाच, चार, एक, शून्य. मधले तीन आणि दोन कुठे जातात हे जगातल्या कुठल्याच क्लबात कुणी विचारत नाही. निळ्यापांढऱ्या चौकड्यांचं निशाण चढवलं की चाललेली शर्यत रद्द. एरवी घरात टीव्हीचा रिमोट हाती न लागणारा गृहस्थ ते निशाण मांडीवर घेऊन बसतो आणि भरल्या वाऱ्यातल्या वीस माणसांकडे शांतपणे बघतो.

नियमांचं पुस्तक दर चार वर्षांनी नवं निघतं. चालू आवृत्ती २०२५ ते २०२८ची. आमच्याकडे एक निवृत्त सॉलिसिटर आहेत, ते ती नाताळात वाचतात. डाव्या बाजूने वारा घेणाऱ्याने उजव्या बाजूने वारा घेणाऱ्याला वाट द्यावी, एवढं बाकीच्यांना माहीत असतं. त्यांना परिशिष्टं माहीत आहेत. त्यांच्या होडीला कुणी घासलं तर शर्यत संपल्यावर बारमागच्या खोलीत सुनावणी बसते, टेबलावर मिठाच्या आणि मिरीच्या डब्या मांडून होड्यांच्या जागा दाखवल्या जातात, आणि निकाल लागेपर्यंत कुणाला जेवणात मीठ मिळत नाही.

शर्यत कोण जिंकलं हे पाण्यावर कळत नाही. वेगवेगळ्या जातीच्या होड्या एकत्र धावतात, म्हणून प्रत्येक जातीला पोर्ट्समथ यार्डस्टिकचा एक आकडा असतो. लागलेला वेळ गुणिले हजार, भागिले आकडा. लेझर नावाची चपळ होडी, तिचा आकडा अकराशेच्या आसपास. मिरर म्हणजे साठच्या दशकात एका इंग्रजी वर्तमानपत्राच्या नावाने निघालेली, लाल शिडाची, घरच्या घरी प्लायवुडने जोडायची होडी. तिचा आकडा १३९०च्या आसपास. लेझरवाला तरुण साठ मिनिटांत पोचतो, कपडे बदलतो, सगळ्यांना पाजतो. त्यानंतर पाऊण तास उलटतो न उलटतो असं वाटावं इतक्या निवांतपणे, खरं तर पंधराच मिनिटांनी, बोसनकाका आपल्या मिररमधून येतो. गणित होतं. लेझर ५४ मिनिटं ३३ सेकंद, मिरर ५४च्या आत. कप काकाला, बिल तरुणाला. वाटेत काकाने सँडविच खाल्लेलं असतं, ते वेगळंच.

कपांची तर आमच्याकडे होड्यांहून जास्त गर्दी आहे. कुणाच्या स्मरणार्थ, कुणाच्या निवृत्तीनिमित्त, एक कप कुणीतरी कुणालातरी माफ केल्याबद्दल दिला आहे असं त्यावरच्या झिजलेल्या अक्षरांवरून वाटतं. जिंकणाऱ्याने स्वखर्चाने त्यावर नाव कोरून, घासून, वर्षअखेर परत करायचा. म्हणून ऑक्टोबरातली शेवटची शर्यत लोक जपून, मागे राहून खेळतात.

आयत्या वेळच्या विषयांत दरवर्षीप्रमाणे अंगणातल्या बेवारशी होड्या निघाल्या. मालक गाव सोडून गेले, काही जगच सोडून गेले, वर्गणी थकली, होडी मात्र ताडपत्रीखाली आहे. ती नुसती फेकता येत नाही. १९७७चा टॉर्ट्स (इंटरफिअरन्स विथ गुड्स) नावाचा कायदा आहे. मालकाला रीतसर नोटीस द्यावी लागते, मुदत द्यावी लागते, मगच विकता येते. सेक्रेटरी नोटिसा पाठवते, त्या परत येतात, ती फाईल करते. एका होडीतून आता चांगलं मनगटाएवढं झाड वर आलंय. कमोडोर म्हणाला की झाडाची मुळं जमिनीत आहेत, म्हणजे ती होडी स्थावर मालमत्ता झाली काय? सॉलिसिटरनी डोळे मिटले आणि ते बराच वेळ सुखात होते.

सप्टेंबर राहिला होता. वर्षातली सगळ्यात उंच भरती विषुवदिनाच्या सुमाराची, त्यामुळे कमोडोर्स कपची शर्यत तेव्हाच. सेलिंग सेक्रेटरीने पुस्तिकेतून तारीख काढली: शनिवार, २६ सप्टेंबर २०२६. माझ्या कालनिर्णयात त्या दिवशी पौर्णिमा आणि आदल्या दिवशी, शुक्रवारी, अनंत चतुर्दशी. हा काही योगायोग नव्हे. अनंत चतुर्दशी पौर्णिमेला खेटूनच येणार, म्हणजे गणपती नेहमी उधाणाच्या भरतीला जाणार. गिरगाव चौपाटीवर कार्यकर्ते भरतीकडे डोळे लावून बसतात ते उगाच नाही. मी सांगितलं की शुक्रवारी माझी सुट्टी, घरच्या शाडूच्या मूर्तीचं विसर्जन आहे, आम्ही ते बादलीत करतो. बोसनकाका म्हणाला, "बादलीत? दारात एवढं पाणी असताना? मी नेतो ना बचावबोटीने."

इंग्लंडात चांगुलपणा करायचा तर आधी फॉर्म भरावा लागतो. सुरक्षा अधिकारीबाई लॅपटॉप उघडून बसल्या. उपक्रम: मूर्ती-विसर्जन. सहभागी: चार, अधिक एक. अधिक एक कोण? देव. पोहता येतं का? मी म्हटलं, नाही, पण वाहन उंदीर आहे. त्यांनी ते टाइप केलं. लाइफजॅकेट? मी काही म्हणायच्या आत काका म्हणाला, "त्यांच्या पोटाच्या घेराचं आपल्याकडे नाही." संभाव्य धोका या रकान्यात त्यांनी 'बुडणे' लिहिलं. शक्यता: निश्चित. आणि मग उपक्रमाचं उद्दिष्ट या रकान्यापाशी त्या थांबल्या, वर बघून म्हणाल्या, "इथेही 'बुडणे' लिहू?"

फॉर्म मंजूर झाला. निघताना मी, सवयीने, मराठीतच पुटपुटले. सेलिंग सेक्रेटरीने अर्थ विचारला. म्हटलं, त्यांना आम्ही सांगतो, पुढच्या वर्षी लवकर या.

"लवकर म्हणजे किती लवकर?" त्याने पेन्सिल उचलली. "२०२७चं काम मला मार्चपासून सुरू करायचंय."

मी फोनवर पंचांग उघडलं. गणेश चतुर्थी, ४ सप्टेंबर, शनिवार. २०२६पेक्षा दहा दिवस लवकर. त्याने तिथी विचारली, चारची पाऊणपट केली, तीन आले, त्यात दोन तास मिळवले आणि 'संध्याकाळी ५, पाणी ठीक' असं लिहून पुढे प्रश्नचिन्ह टाकलं. मग त्याने विचारलं की त्या दिवशी देवाच्या घरातून कुणी ड्यूटीला मोकळं असेल का.